लॉराचा मागचा बार बसला: २४ मिमी, ब्रेस आणि घाटातला फरक

स्कोडा लॉरा १.८ टीएसआयच्या मागे २४ मिमीचा अँटी-रोल बार (दोन्ही चाकांना जोडणारा, वळणावर गाडी कमी झुकू देणारा दांडा) बसला. बुश (सस्पेन्शनच्या जोडांमधली रबरी अस्तरं), शॉकॲब्सॉर्बर आणि टायर आधीच नवे झाले होते. त्यामुळे आता गाडीत जो फरक जाणवतोय तो बारचाच आहे, हे ठामपणे सांगता येतं. हा क्रम मी मुद्दाम धरला. आमच्या मिस्त्रींचंही पहिलं वाक्य हेच होतं, "दादा, बुश मेलेले असतील तर सोन्याचा बार टाकला तरी गाडी डुलणारच."

नव्याने येणाऱ्यांसाठी गाडीबद्दल थोडं. माझी लॉरा २०११ ची. म्हणजे जगात जिला दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया म्हणतात तीच. पहिली ऑक्टाव्हिया आपल्याकडे तेव्हा अजून विकली जात होती, म्हणून हिला वेगळं नाव मिळालं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली गाडी, पण खालचा सांगाडा पाचव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फचा, म्हणजे पीक्यू३५ नावाचा. जुन्या ऑक्टाव्हियाला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई) होता, लॉराला मल्टी-लिंक (प्रत्येक चाकाला स्वतंत्र दांडे) आहे. हा फरक आपल्यासारख्यांसाठी फार मोठा. टॉर्शन बीममध्ये बीमच स्वतः पिळतो आणि अर्धं काम करतो, त्यात बार वाढवायचा तर जुगाड करावा लागतो. मल्टी-लिंकला मात्र वेगळा, सुटा बार असतो. चार बोल्ट आणि दोन लिंक (बारची टोकं सस्पेन्शनला जोडणारे छोटे दांडे) काढल्या की तो हातात येतो. पाचव्या-सहाव्या गोल्फचे आणि त्या काळातल्या ऑडी ए३ चे बार बसतात. फक्त फ्रंट-व्हील ड्राइव्हचाच मागवा, फोर-व्हील ड्राइव्हचा आकार वेगळा असतो. एचअँडआर, आयबाख, व्हाइटलाइन या तिघांकडेही या सांगाड्यासाठी बार मिळतात.

आता मागचाच का, पुढचा का नाही? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो.

वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जाईल हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि तुम्ही वळण किती जोरात घेता यावर ठरतं. बार कितीही जाड टाका, ही बेरीज बदलत नाही. बार एवढंच ठरवतो की त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. आणि टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच मिळते. आपल्या गाड्यांचं नाक जड, वळवायचं पुढच्याच चाकांनी आणि ओढायचंही त्यांनीच. बाहेरचा पुढचा टायर बिचारा आधीच वाकलेला असतो. मागचा बार ताठ केला की वजनबदलाचा मोठा वाटा मागची जोडी उचलते आणि त्या पुढच्या टायरला श्वास मिळतो. नाक वळणाच्या आत यायला लागतं. नुसता पुढचा बार जाड केला तर गाडी कमी झुकते खरी, पण बहुतेक वेळा अंडरस्टिअर (स्टेअरिंग वळवूनही नाक वळणाबाहेर जाणं) वाढतो. (मॅकफर्सन स्ट्रटच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये रोल, म्हणजे झुकणं, कमी झालं की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, वाचतो, म्हणून काही गाड्यांत पुढचा बारही फायद्याचा ठरतो. पण तो दुसरा टप्पा.)

आकड्यांचं बोलू, कारण विकणारे फक्त मिलिमीटर सांगतात. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. माझा मूळ बार व्हर्नियरवर १८.५ भरला. नवा २४. वाढ दिसायला साडेपाच मिलिमीटर, पण २४ चा चौथा घात ३,३१,७७६ आणि १८.५ चा साधारण १,१७,१३५, म्हणजे बार एकटा जवळपास २.८ पट ताठ. गाडीचा मागचा रोल मात्र २.८ पट ताठ होत नाही, कारण त्यात स्प्रिंगचाही वाटा असतो आणि स्प्रिंग मी मूळच्याच ठेवल्या आहेत. दुसरी गोष्ट भोकांची. बारच्या टोकाला दोन भोकं असतात. लिंक आतल्या भोकात लावली की बारचा हात आखूड होतो आणि ताठपणा हाताच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. समजा २५० मिमीचा हात २२५ चा झाला, तर २३ टक्के वाढ फुकटात मिळाली. पोकळ बारबद्दलही बरेच गैरसमज आहेत. बाहेरून २६ मिमी आणि ४ मिमी जाड भिंतीचा पोकळ बार हा २४ च्या भरीव बारपेक्षा सुमारे ६ टक्के ताठ असतो आणि वजनाला जवळपास ३९ टक्के हलका. "पोकळ म्हणजे कच्चा" असं कोणी म्हणालं तर हा हिशोब दाखवा.

बसवणं. गाडी टू-पोस्ट लिफ्टवर, दोन्ही मागची चाकं काढलेली. लिंकच्या नटांवर आदल्या संध्याकाळीच गंजावरचा स्प्रे मारून ठेवला होता. इथे एक खास अडचण: नट फिरवताना लिंकचा बॉल जॉइंटही सोबत फिरतो. म्हणून दांड्याच्या टोकाला बारा टोकांचं बिट लावून तो धरायचा आणि पान्याने फक्त नट फिरवायचा. साधा ॲलन की दाबून घुसवायचा मोह होतो, पण खाच गेली की ग्राइंडरशिवाय पर्याय उरत नाही. बिटांचा संच आधी विकत घ्या, बार नंतर. जुना बार तिरका करून एक्झॉस्टच्या वरून बाहेर काढला. त्यासाठी एक्झॉस्टचे मागचे रबर हँगर सोडवून पाइप थोडा खाली घेतला.

नव्या बारचे बुश पॉलियुरेथेनचे आहेत. त्यांना आतून भरपूर सिलिकॉन ग्रीस लावलं, साधं पिवळं ग्रीस नाही. बुशच्या आतल्या बाजूला बारीक खाचा असतात, त्या बोटाने ग्रीस दाबून भरल्या की ते टिकतं. कोरडा बुश बसवला तर पहिल्या थंडीतच प्रत्येक स्पीडब्रेकरवर कुरकुर ऐकू येते. क्लॅम्पचे बोल्ट जुने वापरले नाहीत. या गाडीत बरेच बोल्ट ठरलेल्या टॉर्कनंतर आणखी काही अंश फिरवायचे असतात. असा बोल्ट एकदा ताणला की त्याचं आयुष्य संपलं. शेवटची आवळणी दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असताना केली. एक बाजू जॅकवर आणि दुसरी लोंबकळत असताना बार पिळलेला असतो, तेव्हा आवळू नये.

फरक मोजायचा कसा? घाटात जाऊन "मस्त वाटतंय" म्हणणं सोपं आहे, पण तो पुरावा नाही. ओळखीच्या शेडमागे मोकळं सिमेंटचं आवार आहे, परवानगी घेऊन तिथे ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ खडूने आखलं. स्टेअरिंगच्या वरच्या कडेला बरोबर मध्यभागी पांढरी चिकटपट्टी लावली. वर्तुळावर डावीकडे फिरताना सावकाश वेगाला पट्टी घड्याळाच्या साडेनऊच्या जागी यायची. वेग ताशी ४५ पर्यंत नेला, म्हणजे बाजूचा जोर साधारण अर्ध्या जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या) वर. तेव्हा रेषेवर राहायला स्टेअरिंग आणखी वळवावं लागायचं आणि पट्टी साडेआठपर्यंत घसरायची. हे मूळ बारचं. नव्या बारवर, लिंक बाहेरच्या मऊ भोकात असताना, तीच पट्टी नऊच्या किंचित खाली थांबते. अंडरस्टिअर गेला नाही आणि तो पूर्ण जायलाही नको. पण पुढचे टायर आता ओरडत नाहीत, रेघ धरतात. तेच टायर, तीच हवा, तेच सिमेंट. हा आकडा माझ्यासाठी सगळ्या वर्णनांपेक्षा मोलाचा आहे.

ताम्हिणीत सकाळी लवकर, वेगमर्यादेतच, नेहमीच्या चालीने गेलो. सगळ्यात छान वाटतं ते लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांत. आधी गाडी एका कुशीवर झोपायची, मग उठायची, मग दुसऱ्या कुशीवर. मधला तो उसासा आता नाही. स्टेअरिंग फिरवलं की मागचा भागही त्याच क्षणी वळायला लागतो.

किंमतही मोजावी लागते. बार दोन्ही चाकांना बांधतो. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर बार नुसता फिरतो, काही जाणवत नाही. पण खड्डा फक्त डाव्या चाकाला लागला की धक्का उजवीकडेही पोचतो आणि मागे बसलेल्यांची डोकी आडवी हलतात. मुळशीच्या अलीकडच्या तुटक्या पट्ट्यात हे स्पष्ट जाणवलं. आई मागे बसणार असेल तर ताठ भोक माझ्या यादीत नाही.

आता ब्रेस, म्हणजे बॉडीचे दोन भाग एकमेकांना बांधून ताठ करणारा दांडा. इथे माझं मत बाजारापेक्षा वेगळं आहे. पुढचा स्ट्रट बार बॉनेट उघडल्यावर सुंदर दिसतो, पण या गाडीत स्ट्रट टॉवर (स्ट्रटची वरची टोकं बसतात त्या जागा) फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला, अगदी लागून आहेत आणि तिथलं पत्र्याचं काम मुळातच भक्कम आहे. त्यातही मध्ये किंवा टोकाला खिळीवर हलणारा बार असेल तर तो सजावटीपुरताच. पैसे घालायचेच तर पुढच्या सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीच्या) कॉलरमध्ये घाला. बोल्टपेक्षा सबफ्रेमची भोकं किंचित मोठी असतात. निमुळते कॉलर त्यात बसले की सबफ्रेम आणि बॉडी एकजीव होतात आणि स्टेअरिंगच्या मध्यातला धूसरपणा जातो. मी ते बसवले आणि त्यानंतर अलाइनमेंट करून घेतली, ती अत्यावश्यक आहे.

मागे मात्र कथा वेगळी. लॉराचं मागचं झाकण काचेसकट उघडतं, ५६० लिटरची डिकी आणि तेवढं मोठं भोक. एका मागच्या कोपऱ्याला जॅक लावून चाक उचललं आणि झाकणाच्या चौकटीच्या कर्णात डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मीटर) ठेवला, तर काटा हलला. मिलिमीटरभरही नाही, पण हलला. सीटमागे आडवा ब्रेस लावून पुन्हा केलं तेव्हा काटा आधीपेक्षा कमी हलला. या सस्पेन्शनमध्ये मागची स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर वेगवेगळ्या जागी आहेत, त्यामुळे शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकांना जोडणारा बार स्प्रिंगचा भार घेत नाही. म्हणून चमत्काराची अपेक्षा नको. खराब रस्त्यावर डिकीच्या भागातून येणारी खडखड कमी झाली, हा खरा फायदा. सीट पाडून लांब सामान टाकायची सोय गेली, हा तोटा.

खालून लावायच्या ब्रेसची एकच कसोटी आहे. गाडीखाली झोपून बघा, सगळ्यात खालची वस्तू कोणती? ती ब्रेस असेल तर परत करा. आपल्याकडचे स्पीडब्रेकर नियम पाळून बांधलेले नसतात आणि ब्रेस घासला तर धक्का थेट बॉडीला लावलेल्या बोल्टवर जातो.

विमा कंपनीला बदलांची लेखी कल्पना दिली आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, ते हात घालण्याआधी वाचून घ्या.

पावसाळ्यात लिंक मऊ भोकातच राहणार. ओल्या घाटात, शेवाळलेल्या वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर ताठ मागच्या बारची गाडी शेपूट लवकर सैल करते, आणि कोकणात उतरताना हे होणं मला मुळीच मान्य नाही. दिवाळीनंतर ताठ भोकात लिंक लावून त्याच वर्तुळावर पट्टी पुन्हा बघेन. कोणाकडे याच सांगाड्याच्या गाडीवर पुढचा २६ मिमीचा बार असेल तर ४५ च्या वेगाला पट्टी कुठे थांबते ते कळवा, टायरची मापं आणि हवेचा दाबही सोबत द्या. पुढच्या बारसाठी सबफ्रेम खाली घ्यावी लागते, इंजिनाला वरून आधार द्यावा लागतो, आणि तेवढं काम हाती घ्यायचं की नाही हे त्या आकड्यावर ठरवणार आहे.