कपाटाचं दार आणि मापाच्या वह्या : आमची वाटचाल

शिवणकामाचं दुकान सुरू झाल्यावर पहिली नऊ वर्षं आमच्याकडे अंगभर दिसेल असा आरसा नव्हता. कुंकू लावायचा वीतभर आरसा खिळ्याला टांगलेला होता, त्यात गळा दिसायचा, फार तर अर्धा खांदा. बाकीचं कसं बसलंय ते मी सांगायचं आणि बाईनं ऐकायचं. शिवणारीच ‘छान बसलंय’ म्हणाली तर समोरची काय बोलणार?

आर्वीहून पुलगावकडे येणाऱ्या रस्त्याला आमचं गाव आहे. कापूस, सोयाबीन, तूर. २००३ साली माहेरहून आलेली पायडल मशीन ओसरीवर मांडली आणि पुठ्ठ्यावर ‘येथे ब्लाउज शिवून मिळतील’ असं लिहून लावलं. शिलाई पंचवीस रुपये, अस्तराचा असला तर चाळीस. भारनियमनाच्या त्या वर्षांत तालुक्याचे मोटरवाले टेलर लाईटची वाट पाहत बसायचे आणि माझं पायडल चालत राहायचं. निम्मं गिऱ्हाईक मला वीज कंपनीनं मिळवून दिलं असं म्हटलं तरी चालेल.

शिवणक्लास लग्नाआधी केलेला, सहा महिन्यांचा. तिथं शिकवलं होतं की छाती मोजा आणि उरलेलं छातीवरून काढा. छातीचा अमुक हिस्सा मुंढा (बाही जोडतात तो घेर), तमुक हिस्सा गळ्याची रुंदी. कागदावर हे बरोबर येतं. पण छत्तीस छातीच्या दोन बाया समोर उभ्या राहिल्या की एकीची पाठ रुंद असते आणि दुसरीचे खांदे पडके. हिशेबानं कापलेला एकच ब्लाउज एकीला पाठीत काचतो आणि दुसरीच्या खांद्यावरून घसरतो. सगळ्यात आधी खांदा बघायचा, हे मी क्लासमध्ये नाही, उसवून उसवून शिकले. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. बाजू आत घेता येतात, बाही आखूड करता येते, पण खांदा चुकला तर ब्लाउज अख्खा उसवूनच दुरुस्त होतो.

दुसरा धडा मुंढ्याचा. बाया एकच तक्रार घेऊन यायच्या, हात वर केला की ब्लाउज वर चढतो. आणि उपायही त्याच सांगायच्या, ‘मुंढा मोकळा कर वं जरासा.’ मी कात्री लावून मुंढा खाली उतरवत गेले आणि तक्रार वाढतच गेली. शेवटी एकाच कापडाचे दोन ब्लाउज स्वतःसाठी शिवले, एक खोल मुंढ्याचा, एक बगलेला लागून. खोल मुंढ्याचा घालून वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले तर पोट उघडं. दुसऱ्यात काहीच झालं नाही. मुंढा खाली उतरवला की बाही अंगाला खालपर्यंत जोडली जाते, त्यामुळे हात उचलला की बाजूची सगळी शिवण वर ओढली जाते. मुंढा बगलेजवळ असला की नुसती बाहीच उचलली जाते. खोल मुंढा उभ्या माणसाला मोकळा वाटतो, कामाच्या माणसाला नडतो. हे सांगून कुणाला पटत नाही. म्हणून तेव्हापासून ट्रायलला मी प्रत्येकीला हात वर करायला, खाली वाकायला आणि मांडी घालून बसायला लावते. नव्या मुली लाजतात, म्हाताऱ्या हसतात.

आरशाची गोष्ट २०१२ ची. गावातल्या एका मुलीचं लग्न होतं. उंचीनं लहानखुरी, अंगानं भरलेली. आईनं हौसेनं वीतभर काठाची, कडक पोताची साडी घेतली होती आणि त्याच काठाची बाही लावून मागितली. मी लावली. कोपराच्या वर, नेमकी छातीच्या रेषेत संपणारी. ‘छान बसलंय’ हेही नेहमीप्रमाणे म्हटलं. लग्नानंतर पंधरा दिवसांनी ती फोटो घेऊन आली. तिला तेव्हा पहिल्यांदा ती अख्खी दिसली होती. दोन्ही बाह्यांचा काठ आणि मधली छाती मिळून एक जाड आडवी पट्टी झाली होती, खाली तेवढ्याच जाड काठाची दुसरी पट्टी, आणि या दोहोंच्या मध्ये ती. ‘काकू, तुमाले दिसलं नाही काजी?’ एवढंच म्हणाली. मला दिसलं होतं, पण शिलाई अडकेल म्हणून मी बोलले नव्हते.

सासूबाईंच्या खोलीत त्यांचं लोखंडी कपाट होतं, दारावर उभा आरसा असलेलं. त्यांच्या मागे लागून ते दार मी बिजागऱ्यांसकट काढून घेतलं आणि ओसरीच्या भिंतीला ठोकलं. कपाटाला पडदा लावला. त्या महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

आरसा लागला आणि दुकानातलं बोलणं बदललं. बाया स्वतःच मागे वळून बघायला लागल्या, पाठ कशी दिसते ते. बुटक्या बाईला नाजूक काठ आणि अंगावर पडणारं मऊ कापड बरं दिसतं हे मला सांगायची गरज उरली नाही, दोन साड्या खांद्यावर टाकल्या की ती आपणच ठरवायची. कमरेखाली भारी असलेल्या एका अंगणवाडीच्या ताईंना खांद्यापर्यंत आडव्या गळ्याचा बोटनेक शिवून दिला, खांदे थोडे रुंद दिसले आणि खालचा भार आपोआप कमी वाटला. हडकुळी पोरगी अंग झाकायला डगळा ड्रेस मागते, तो तिच्यावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबतो. त्यापेक्षा खांद्याला नेमका आणि कमरेला दोन चुण्या घातलेला तिला भरतो. आणि जाड बाईला घट्ट नको तसा पोत्यासारखाही नको, हे तर आरशासमोर एका मिनिटात कळतं.

मग आल्या लेगिंग आणि रेडिमेड कुर्त्या. आठवडी बाजारात शंभर-दीडशेला कुर्ती मिळायला लागली, ड्रेस शिवायला कोण देणार? माझ्याकडे यायचं ते फक्त फिटिंगचं काम, वीस रुपयांचं. मला आधी अपमान वाटला. दुसऱ्यानं शिवलेलं मी उसवत बसू? पण घरात दोन पोरं शिकत होती, बसले.

म्हटलं, आपणच कुर्त्या आणून विकू. २०१४ च्या दिवाळीआधी पुलगावहून रेल्वेनं नागपूर गाठलं आणि गांधीबागेतून साठ कुर्त्या आणल्या, एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल सारख्या वाटून. निम्म्या परत आल्या. कारण प्रत्येक वेळी तेच. छातीला बरोबर, सीटला म्हणजे कमरेखालच्या घेराला अडते. बाजूचा कट ताणून फाकतो, बसलं की शिवण चरचरते. सीटच्या मापानं मोठा नंबर द्यावा तर खांदा दंडावर येतो आणि गळा पुढे झुकला की सगळं उघडं. शेवटी खरेदीच्या भावातच फुंकून टाकल्या. ज्या व्यापाऱ्याकडून घेतल्या तो म्हणाला, ‘बाई, साईज बरोबर आहे, तुमच्या बायाच वेगळ्या.’ चिडून घरी आले, पण वाक्य डोक्यात राहिलं.

कारण बायांचं माप माझ्याकडे होतं. २००३ पासूनच्या अकरा वह्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, शंभर पानी. मी काही मोठा विचार करून त्या जपल्या नव्हत्या, रद्दीवाला किलोला काहीच देत नाही म्हणून राहिल्या. त्या दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत दुकान ओस असतं, तेव्हा मी आणि माझ्या लेकीनं वह्या उघडल्या. लेक आकडे वाचायची, मी रेषा मारायची. छाती एका रकान्यात, सीट दुसऱ्या, खांदा तिसऱ्या. चित्र चौथ्या दिवसापासूनच दिसायला लागलं. एकाच छातीच्या बायांचे सरळ दोन गट पडत होते. एका गटाची सीट छातीपेक्षा दोनेक इंचानं जास्त, दुसऱ्याची पाच-सहा इंचानं, आणि या दुसऱ्या गटाचे खांदे उलट अरुंद. बाजारातली कुर्ती पहिल्या गटासाठी कापलेली होती. आमच्याकडे दुसऱ्या गटाच्या बाया जास्त होत्या.

पुढे पेपरात वाचलं की निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं आपल्या देशातल्या लोकांचे स्वतःचे साईज ठरवायला इंडियासाईज नावाची मोजणी हाती घेतली आहे, यंत्रानं अंग मोजून, १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांवर लोकांची, सहा शहरांत. मुंबई त्यात आहे, विदर्भातलं एकही गाव नाही. चांगलं काम आहे, व्हायलाच पाहिजे होतं. पण आमच्या अकरा वह्यांचा मला तेव्हा जरा जास्तच अभिमान वाटला, हे लपवत नाही.

तर प्रत्येक छातीच्या मापाला आम्ही दोन कापं ठरवली. भारी सीटच्या कापात कट सीटच्या सगळ्यात रुंद जागेच्या वरूनच उघडतो, म्हणजे कुर्ती तिथं ताणत नाही, नुसती पडते. सीटचं माप बसवून घ्यायचं, उभं नाही. बसल्यावर ते दीड-दोन इंच वाढतं आणि बाई दिवसातून किती तास उभी असते? उंची गुडघ्याखाली, पिंढरीचा फुगवटा सुरू व्हायच्या आधी. कॉटन कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे इंचभर माया, म्हणजे पुढे सैल करायला आत सोडलेलं जादा कापड. मायेवर मी कधीच कंजूसपणा करत नाही. बाळंतपण होतं, वय वाढतं, कुर्ती तीच राहते.

साईजची नावं हा वेगळाच घोळ. ‘डबल एक्सएल द्या’ असं चारचौघींत म्हणायला बाया लाजतात, कमी नंबर नेतात आणि घरी जाऊन उसवतात. मासिकांत अंगाला फळांची नावं देतात, सफरचंद, नासपती. आमच्या बाजारात नासपती कुणी पाहिलीय? लेकीनं युक्ती काढली. गळ्याच्या मागे आत रंगीत दोऱ्याचे तीन टाके. लाल, निळा, हिरवा, पिवळा. आता बाई येते आणि म्हणते, ‘माह्या लाल दोऱ्यातली दाखव.’ लाल म्हणजे किती, ते तिला माहीत आणि मला.

२०१६ साली मुद्रा योजनेतून ‘शिशु’ गटाचं पन्नास हजारांचं कर्ज घेतलं, कापडाच्या कडा बांधणारं ओव्हरलॉक आणि दोन मोटरच्या मशीन आल्या. बँकेत माझ्या फेऱ्या किती झाल्या ते लिहीत नाही, चप्पल बदलावी लागली. पुढच्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली. लग्नं पुढे गेली, आणि उधारीची वही मापाच्या वहीपेक्षा जाड झाली. हप्ता मात्र दर महिन्याला.

त्या वर्षानं आम्हाला आमचं सगळ्यात खपाचं काम दिलं. शेतात जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालते, उन्हासाठी आणि वाळलेल्या बोंडांच्या टोकांसाठी. तो शर्ट तिच्या मापाचा कधीच नसतो. खांदा दंडावर, बाही बोटांवर, खाली साडीच्या निऱ्या आणि कापसाची ओटी असल्यानं बटणं लागत नाहीत. एक वेचणारी बाई असा शर्ट ‘बाही तेवढी काप’ म्हणून घेऊन आली. मी शर्टच उसवला. तिच्या खांद्यावर कापला, मुंढा वर घेतला, बगलेत पतंगीसारखा तुकडा घातला, बाजूंना कमरेपासून कट ठेवले, कॉलर उन्हासाठी उभी, मनगटाला इलॅस्टिक आणि आतून मोबाईलचा खिसा. आठ दिवसांनी तिच्या टोळीतल्या सहा जणी आपापल्या नवऱ्यांचे शर्ट घेऊन दारात. एकीचा नवरा मागून धावत आला, ‘हा नवा हाये वं!’

उधारीवर नवं कापड घ्यायची कुणाची तयारी नव्हती, पण जुना शर्ट पन्नास रुपयांत फिट करून घ्यायला जमत होतं. आता नवेही शिवतो, सुती पॉपलिनचे. टेरिकॉटचे स्वस्त पडतात, पण मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत ते अंगावर घालून दाखवा. फवारणीच्या दिवसांत घातलेला शर्ट घरच्या कपड्यांत धुऊ नका, हे प्रत्येकीला सांगते. गिऱ्हाईक म्हणून नाही, बाई म्हणून.

२०२० च्या टाळेबंदीत मास्क शिवले, सगळ्यांनीच शिवले. आज आम्ही पाच जणी आहोत, वह्या एकोणीस झाल्या आहेत आणि ओसरीला शटर लागलं आहे. दार मात्र तिथंच आहे, खालच्या कोपऱ्यात तडा गेलेलं.

सासूबाईंनी आजवर कधी माप दिलं नव्हतं. ‘जुना ब्लाउज घे अन् तसाच शिव’ हे त्यांचं कायमचं. वयानं पाठीत बाक आला तसा त्यांचा प्रत्येक ब्लाउज मागून वर चढायला लागला, पुढून ढिला पडायला लागला, तरी नमुना तोच. गेल्या महिन्यात दुपारी दुकानात कुणी नसताना आल्या, टेप स्वतःच उचलून माझ्या हातात दिला. ‘घे. पण आकडा मोठ्यानं नोको सांगू.’

बाकाच्या वरून मान ते कंबर मोजलं, पाठ पुढच्यापेक्षा दीड इंच लांब निघाली. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, वर्षानुवर्षं पाण्याच्या गुंडी वाहिलेल्या. दोन्ही खांदे वेगळे कापले, हुक पुढे घेतले कारण हात मागे जात नाहीत. घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. हात वर केले, मी न सांगता. वाकल्या. मागे वळून पाठ बघितली, बराच वेळ.

‘बरं हाये,’ म्हणाल्या. ‘आता माह्यं दार मले वापस दे.’