सासूबाईंचा सकाळचा पेला

लातूरकडच्या आमच्या शेतात दरवर्षी सोयाबीन होतं, पण ते पोत्यांतून थेट आडतीवर जायचं. स्वयंपाकघरात कधी आलं नाही. गेल्या वर्षी दूध प्यायलं की सासूबाईंचं पोट फुगायचं, कळा यायच्या. डॉक्टर म्हणाले, दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. सोयाबीनच्या दुधात ती नसतेच.

पहिल्यांदा भिजवलेले दाणे गार पाण्यात वाटले. असा उग्र, हिरवट वास सुटला की त्यांनी पेला बाजूला सारला. आता सालं चोळून काढते आणि उकळतं पाणी घालून वाटते. वास निर्माण करणारं एन्झाइम त्या उष्णतेनं निकामी होतं. मग पंचातून गाळून, ढवळत चांगली वीस मिनिटं उकळते. हे उकळणं कृपया टाळू नका! कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. फेस भसकन वर येतो, पातेलं मोठं घ्या.

प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास, १०० मिलीला साधारण ३ ग्रॅम. कॅल्शियमचं तसं नाही: गाईच्या दुधात १२० मिलिग्रॅमच्या आसपास, या घरच्या दुधात त्याच्या पाव हिस्सा जेमतेम. बी-१२ तर नाहीच. म्हणून ज्वारीच्या भाकरीवर तीळ थापते, शेवग्याच्या पाल्याची भाजी करते, दुपारी वाटीभर दही देते. दही त्यांना सोसतं.

जाऊबाईंनी आठ महिन्यांच्या बाळाला देऊ का विचारलं, तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटलं.

चहा मात्र अजून गाईच्या दुधाचाच. दोन चमचे दूध त्यांचं पोट सांभाळून घेतं.