आरआरसीत अडकलेला माझा विषय

मराठी विज्ञानकथेतला धर्म, हा माझा पीएच.डी.चा विषय. नोंदणीचं पत्र हातात पडलं, तरी आरआरसीचं, म्हणजे विषयाला मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीचं, नाव निघालं की माझं डोकं अजून तापतं. पेट ही प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते आराखड्याच्या सादरीकरणात.

माझा प्रश्न सरळ होता. जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांसोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली, २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांची उत्तरं आली आणि त्यातली ४६ टक्केच बरोबर निघाली. त्याच नारळीकरांच्या १९७९ च्या कथासंग्रहाचं नाव ‘यक्षांची देणगी’, आणि कादंबरीचं ‘वामन परत न आला’. पत्रिका तपासून बघणारा लेखक कथा लिहिताना पुराणाकडे का वळतो? मला याचाच शोध घ्यायचाय.

समितीतले एक सर म्हणाले, "धर्म तत्त्वज्ञानवाल्यांचा, विज्ञान सायन्सवाल्यांचं. मराठी विभागाचं यात काय?" दुसऱ्यांना हे शास्त्रज्ञाचं हौशी लेखन वाटत होतं. नारळीकर २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे मी सांगितलं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात आंतरविद्याशाखीय अभ्यासाची वेगळी विद्याशाखा आहे, आणि मराठी व तत्त्वज्ञान दोन्ही मानव्यविद्येतच येतात, हेही सांगितलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्या बाजूने ठाम बोलल्या. तरी शेरा पडलाच: तत्त्वज्ञानाचा सहमार्गदर्शक घ्यावा.

आता तो आणायचा कुठून? प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, ही युजीसीची मर्यादा. ज्यांना विचारलं त्यांच्या जागा भरलेल्या. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातले सर तयार झाले. त्यांचं संमतिपत्र घेऊन पीएच.डी. विभागात गेले, तर पत्रावर जावक क्रमांक नाही म्हणून फाइल परत. क्रमांक घालून आणला, तर प्राचार्यांची सही हवी. दोन्ही गोष्टी एकदमच सांगता आल्या असत्या! सही मिळेपर्यंत समितीची बैठक होऊन गेली आणि पुढची लांबत राहिली. तोवर एवढंच कळत होतं की फाइल टेबलावर आहे. कुणाच्या, ते कुणी सांगेना.

म्हणून सांगते, समितीची हरकत लेखी मागा. मला तो शेरा लेखी मिळाला, म्हणूनच पुढच्या बैठकीत नवी हरकत निघाली तेव्हा कागद पुढे करता आला. विभागात दिलेल्या प्रत्येक कागदाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. आणि सादरीकरणाआधीच शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जुने प्रबंध चाळून कुठे काय झालंय ते आराखड्यात लिहा. माझ्या आराखड्यात ते होतं, म्हणून ‘हे काम आधीच झालंय’ असं कुणाला म्हणता आलं नाही.

विषयाचं शीर्षक मी एका शब्दानेही बदललं नाही. ‘पौराणिक संदर्भ’ असं सौम्य लिहा, म्हणजे लवकर मंजूर होईल, असं मला सुचवलं गेलं होतं. पण मी अभ्यासतेय त्या कथांमध्ये प्रार्थना आहे, अवतार आहे, प्रलयाची भीती आहे. त्याला धर्मच म्हणायला हवं. सहमार्गदर्शक सरांनाही ते पटलं आणि पहिलं प्रकरण आता त्यांच्याकडे वाचायला गेलंय.