शतांश सेकंद

जिल्हास्तरीय शालेय जलतरण स्पर्धेत मी टाइमकीपर होतो. रंकाळ्याजवळच्या तलावावर ५० मीटर बटरफ्लायची अंतिम शर्यत चालू होती. शेवटच्या काही मीटरांत माझ्या लेनमधला मुलगा स्पष्ट पुढे होता. त्याने शेवटचा हात मारला, दोन्ही हात लांब केले आणि तसाच सरकत आला. शेजारच्याने घाईने आणखी अर्धा हात मारून भिंतीवर पंजे आपटले.

आमच्याकडे भिंतीवर बसवलेले, वेळ आपोआप नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक पॅड नाहीत. प्रत्येक लेनला तीन घड्याळं असतात. तिन्ही वेळा वेगळ्या आल्या की मधली धरायची. निकाल पंचांनीही शेजारचाच पहिला दिला. फरक काही शतांश सेकंदांचा.

मुलाचे वडील तावातावाने आले. "सर, आमचं पोरगं पुढं हुतं. समद्यांनी बघितलंय!"

डोकं पुढं होतंच. पण शर्यत संपते ती हात भिंतीला लागल्यावर, आणि बटरफ्लायमध्ये तर दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. पहाटे अंधारात पोराला तलावावर आणणाऱ्या बापाला हे नियमाच्या भाषेत सांगणं मला जड गेलं. म्हणून दोघांना बाकावर बसवून बीजिंगची गोष्ट सांगितली.

२००८ चं ऑलिंपिक. १०० मीटर बटरफ्लाय. अमेरिकेचा मायकेल फेल्प्स अर्ध्या अंतरावर सातवा होता. शेवटी सर्बियाचा मिलोराद चाविच पुढे. तो हात ताणून सरकत भिंतीकडे आला. फेल्प्सने जास्तीचा अर्धा हात मारला. तिथलं पॅड नुसत्या स्पर्शाने वेळ थांबवत नाही, दाब लागतो. फेल्प्स ५०.५८, चाविच ५०.५९. सर्बियाने हरकत घेतली, पण चित्रफीत बघितल्यावर निकाल तोच राहिला. फेल्प्सचं ते त्या ऑलिंपिकमधलं सातवं सुवर्ण. दुसऱ्या दिवशी आठवं आलं. आपला कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे त्याच ऑलिंपिकमध्ये पोहला होता, हेही सांगितलं. तेव्हा कुठे वडिलांचा आवाज खाली आला.

मला अजूनही वाटतं, आपण पोरांकडून लांबीवर लांबी मारून घेतो, पण भिंतीपाशी काय करायचं ते पुरेसं शिकवत नाही.

मुलगा इतका वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "सर, त्या चाविचचं पुढं काय झालं?"

"पुढच्याच वर्षी रोमला जागतिक स्पर्धा होती. तिथं त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकलं."

"माझाच प्रकार की सर!" म्हणत तो उठला आणि वडिलांकडे गॉगल मागू लागला. त्याची १०० मीटरची शर्यत अजून व्हायची होती.