एकाच माणसाबद्दल दोनदा चुकलेली प्रश्नावली

कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या ज्या आरोग्य केंद्रात मी संशोधन प्रकल्पावर मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करत होते, तिथे येणारे बहुतेक रुग्ण मेक्सिकोतून आलेले शेतमजूर होते आणि प्रतीक्षाकक्षात इंग्रजीपेक्षा स्पॅनिशच अधिक कानावर पडे. तंबाखू, दारू, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे आणि इतर मादक पदार्थ यांच्या वापराची प्राथमिक चाचपणी करणारी ‘टॅप्स’ ही छोटी प्रश्नावली स्पॅनिशमधून विचारली असता कितपत खरे सांगते, हे आम्ही तपासत होतो. मूळ इंग्रजी प्रश्नावलीची पारख पाच प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या २००० रुग्णांवर झाली होती आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले होते.

आमची पद्धत अशी होती, की एका खोलीत रुग्णाला प्रश्नावली विचारायची आणि त्यानंतर दुसऱ्या खोलीत, पहिली उत्तरे ठाऊक नसलेल्या दुसऱ्या मुलाखतकाराने जागतिक आरोग्य संघटनेच्या धाटणीची सविस्तर निदान-मुलाखत घ्यायची. ही दुसरी मुलाखत प्रमाण मानायची आणि पहिली तिच्याशी कितपत जुळते ते पाहायचे. मुलाखतकार ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमाने विचारतात की नाही हे तपासणे माझे काम असल्याने दोन्ही खोल्यांत बसणारी मी एकटीच होते, आणि दोन्हीकडे तोंड उघडण्यास मला मनाई होती.

त्या दिवशी आलेले गृहस्थ पन्नाशीचे, द्राक्षमळ्यात छाटणीचे काम करणारे, मधुमेही होते. दुभाषी म्हणून सोबत आलेल्या मुलीला आम्ही नम्रपणे बाहेर बसवले, कारण लेकीच्या तोंडून बापाला दारूविषयी विचारणे म्हणजे उत्तर आधीच ठरवून टाकणे होय. ही माहिती इमिग्रेशनवाल्यांकडे जाईल का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. सहभागींची ओळख उघड करण्याची सक्ती न्यायालयही संशोधकांवर करू शकत नाही, असे गोपनीयतेचे संरक्षण आमच्या प्रकल्पाला होते. ते समजावून सांगण्यातच संमतीचा बहुतेक वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

दारूच्या प्रश्नात पुरुषाने एका दिवसात पाच किंवा अधिक पेये घेतली का, असे विचारतात आणि एक पेय म्हणजे बारा औंस बिअर, असा खुलासाही वाचून दाखवतात. त्यांनी शांतपणे सांगितले, “पाच कधीच नाहीत. रविवारी दोन, फार तर तीन बिअर.” मुलाखतकाराने “कधीच नाही” अशी नोंद केली. या प्रश्नावलीत “कधीच नाही” म्हटले की त्या पदार्थाचे पुढचे प्रश्न विचारलेच जात नाहीत, त्यामुळे दारूचे प्रकरण तिथेच मिटले.

त्यानंतर औषधांचा प्रश्न आला: स्वतःसाठी लिहून न दिलेले चिठ्ठीचे औषध घेतले आहे का? हो, घेतले होते. कंबर धरली की ते मेव्हण्याने मेक्सिकोहून आणलेले ‘डोलो-न्यूरोबिऑन’चे इंजेक्शन टोचून घेत. त्यात डायक्लोफेनॅक हे अफूजन्य नसलेले वेदनाशामक आणि ब जीवनसत्त्वे असतात. नशेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. परंतु पुढच्या टप्प्यात वेदनाशामकांविषयी विचारताना अफूजन्य गोळ्यांची जी अमेरिकी नावे उदाहरणादाखल वाचली गेली, ती त्यांनी कधी ऐकलेलीच नव्हती; ‘दुखण्यावरचे औषध’ एवढेच त्यांनी पकडले आणि प्रामाणिकपणे होकार दिला. त्यांच्या नावापुढे वेदनाशामकांच्या गैरवापराचा एक गुण लागला.

दुसऱ्या खोलीत चित्र पालटले. सविस्तर मुलाखतीत “कोणती बिअर, केवढी बाटली?” असे विचारायची मुभा असते. ती बाटली म्हणजे काग्वामा, मेक्सिकोत घरोघरी ओळखीची असलेली ९४० मिलिलिटरची बाटली निघाली. अमेरिकेत एक प्रमाण पेय म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, सुमारे ३५५ मिलिलिटर बिअर; त्या हिशेबाने एक काग्वामा अडीच पेयांच्या आसपास भरते आणि त्यांच्या दोन बिअर पाचाच्या रेषेवर जाऊन टेकतात. (आपल्याकडे “एक क्वार्टर घेतली” म्हणणाऱ्यालाही एकच पेय मोजून सोडून दिले, तर १८० मिलिलिटर व्हिस्कीत अशी चाराहून अधिक पेये असतात हे निसटून जाईल.) कमी करायचे ठरवूनही न जमणे, सोमवारी कामावर न जाता येणे, त्यापायी घरात वारंवार होणारी भांडणे आणि पूर्वीइतक्या दारूने काही न वाटणे, असे चार निकष त्या मुलाखतीत पूर्ण झाले. अकरापैकी चार म्हणजे मध्यम स्वरूपाचा विकार.

पहिल्या खोलीत “बिअर केवढी?” हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते न विचारणे मला जड गेले, पण योग्य होते असेच माझे मत आहे. पारख करणाऱ्याने प्रश्नावलीला हळूच मदत केली, तर निष्कर्ष मदत केलेल्या प्रश्नावलीचे निघतात, आणि उद्या घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ती विचारणाऱ्या परिचारिकेच्या शेजारी मदतीला कोणी नसते. मुलाखती संपल्यावर मात्र गप्प राहण्याचे कारण उरले नव्हते. त्यांच्या परवानगीने डॉक्टरांना दोन्ही गोष्टी कळवल्या गेल्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर रविवारच्या बाटल्यांचेही बोलणे झाले. केवळ प्रश्नावलीचा निकाल त्यांच्या कागदपत्रांत गेला असता, तर दारूविषयी कोणी चकार शब्द काढला नसता, उलट कंबरदुखीवर औषध देताना डॉक्टरांचाच हात आखडला असता.

खरा धक्का संध्याकाळी बसला. तक्त्यात “कोणत्याही पदार्थाचा समस्याजन्य वापर” असा एकत्रित रकाना होता. प्रश्नावलीने त्यांना वेदनाशामकांसाठी पकडले होते आणि प्रमाण मुलाखतीने दारूसाठी. दोन्हीकडे खूण ‘होय’ अशीच असल्याने संगणकाने त्यांना अचूक ओळखलेल्यांमध्ये मोजले. दोन चुका मिळून एक यश तयार झाले होते, आणि अशा नोंदी वाढल्या की स्पॅनिश आवृत्तीची संवेदनशीलता, म्हणजे खरोखर समस्या असलेल्यांना ओळखण्याची क्षमता, कागदावर उत्तम दिसणार होती.

बैठकीत एकाने उद्यापासूनच बाटल्यांची चित्रे दाखवू असे सुचवले. संख्याशास्त्रज्ञांनी नकार दिला: मध्येच साधन बदलले तर आधीची आणि नंतरची माहिती दोन वेगळ्या साधनांची होईल. मीही त्यांच्याच बाजूने होते. एकत्रित रकाना मुख्य निष्कर्षांतून काढून प्रत्येक पदार्थाचा हिशेब स्वतंत्र मांडायचा, एवढे त्याच दिवशी ठरले. बाटली, कॅन आणि ग्लास यांची मिलिलिटरसह चित्रे असलेली आणि वेदनाशामकांचे नाव व घेण्याचे कारण विचारणारी सुधारित आवृत्ती नव्या रुग्णांवर, नव्या संमतीने, पहिल्यापासून तपासावी लागेल. तिचा अर्ज सध्या नीतिशास्त्र समितीपुढे आहे.