सकरची रात्रपाळी

डोंबिवलीतल्या एका दातांच्या दवाखान्यातला चार फुटी टँक माझ्याकडे देखभालीला आहे. आत दोन ओरांडा गोल्डफिश आणि काचेवरचं शेवाळ खायला एक सकर मासा. दोन वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या बाजारातून आणला तेव्हा तो बोटाएवढा होता. ‘याला वेगळं काही घालायला नको, शेवाळावर जगतो,’ असं डॉक्टरांना मीच सांगितलं होतं.

पावसाळ्यात मोठ्या ओरांडाच्या कुशीवर चट्टे दिसायला लागले. रुपयाएवढे, जवळजवळ गोल. मी बुरशी समजलो. निम्मं पाणी बदललं, मिथिलीन ब्लू घातलं. चट्टे तसेच राहिले. कोपऱ्यातलं सिलिकॉन मात्र निळं झालं, ते आजही निळंच आहे. पुढच्या खेपेला दुसरं औषध. तेवढ्यात धाकट्याच्या अंगावरही चट्टा उठला.

सकाळी सहाला झाडू-पोछा करायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “दादा, तो काळा त्याच्या अंगाला चिकटून बसतो.” मी हसलो. शेवाळ खाणारा मासा तो, म्हटलं काचेपलीकडचा दिसला असेल. पंधरा वर्षं या धंद्यात असल्याचा हा तोटा.

तिसऱ्या खेपेला हात टेकले आणि दवाखाना बंद झाल्यावर तिथेच थांबलो. टँकचा दिवा बंद, टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळलेला; त्या उजेडाला मासे फारसे बुजत नाहीत. नऊपर्यंत काहीच नाही. ओरांडा तळाशी, कल्ले तेवढे हलत होते. मग फिल्टरमागून सकर निघाला. आता चांगला वीतभर झालेला. काचेवर एक फेरी मारली, दगडावर तोंड घासलं, तिथे काही उरलंच नव्हतं. सरळ ओरांडाच्या कुशीला जाऊन चिकटला. ओरांडाने अंग झटकलं, दोन हात पुढे गेला, पुन्हा थांबला. सकर मागोमाग. त्याचं गोल तोंड तिथल्या तिथे खरवडत होतं आणि खवले निघालेली जागा टॉर्चखाली चकाकत होती. मला औषधाचे दोन्ही डोस आठवले.

खरं तर गणित सोपं होतं. काच लख्ख म्हणजे सकरचं ताट रिकामं. दिवसा टाकलेले दाणे वर तरंगतात आणि ते गोल्डफिश मिनिटात संपवतात. हा रात्री बाहेर पडणारा, त्याच्या वाट्याला काय येणार? माशाच्या अंगावरचा चिकट थर पौष्टिक असतो, आणि गुबगुबीत, सुस्त ओरांडाइतकं सोपं गिऱ्हाईक नाही. डिस्कस मासे पाळणाऱ्यांनाही हा अनुभव येतो. चपळ माशांच्या टँकमध्ये हे सहसा घडत नाही, म्हणून मला कधी दिसलं नव्हतं.

जाळीने धरला असता तर परांचे काटे अडकले असते, म्हणून प्लास्टिकच्या डब्यात कोंडून काढला. डॉक्टर म्हणाले, “नदीत सोडून द्या.” ते मी करत नाही. बाहेरच्या पाण्यात हे मासे वाढतात आणि मच्छीमारांची जाळी फाडतात.

ओरांडाचे चट्टे महिन्याभरात भरले. सकर आता माझ्या घरच्या टँकमध्ये आहे. रात्री दिवा बंद केला की त्याला उकडलेल्या काकडीची फोड आणि बुडणाऱ्या दोन गोळ्या घालतो.

डॉक्टरांनी विचारलं, “मग आता काच कोण घासणार?”

दर पंधरवड्याला मीच घासतो. मावशी मागे उभ्या राहून बघतात.