मॉरिशसचा ऑलिव्ह चष्मेवाला

आज माएबूरजवळच्या किनाऱ्यावरून होडीने इल ओ एग्रेत या जेमतेम २६ हेक्टरांच्या बेटावर गेलो आणि मॉरिशसबाहेर जगात कुठेही न आढळणारा ऑलिव्ह चष्मेवाला हा पक्षी पाहायला मिळाला. आपल्याकडच्या चष्मेवाल्याचाच हा भाऊबंद, डोळ्याभोवती तसेच पांढरे कडे. परंतु चोच अधिक लांब, टोकदार आणि किंचित खाली वळलेली, कारण त्याची भिस्त मुख्यतः फुलांतील मधुरसावर असते. त्याने फुलात खुपसलेली चोच बाहेर काढली, तेव्हा कपाळावरची पिसे परागांनी पिवळी झालेली स्पष्ट दिसली.

मुख्य बेटावर माणसाबरोबर आलेले उंदीर आणि माकडे त्याची घरटी लुटतात, मूळ अरण्यही फारसे उरलेले नाही. त्यामुळे उंदीरमुक्त केलेल्या या बेटावर मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने २००६ पासून हे पक्षी आणून वसवले आणि त्यांना पूरक खाद्यही पुरवले. बरोबर आलेले मराठी काका मॉरिशसमध्येच जन्मले असले, तरी अंगणात नेहमी येणाऱ्या करड्या चष्मेवाल्याखेरीज दुसरा चष्मेवाला त्यांनी पाहिलाच नव्हता. नामशेष झालेला डोडो मात्र इथे टोप्यांपासून पेल्यांपर्यंत सर्वत्र विराजमान आहे, हे मला जरा खटकलेच.